ताग्यापासून संग्रहापर्यंत : रिसॉर्ट वस्त्रांचा व्यवसाय आणि श्रावकाचा विवेक

कापडाचा व्यापार आपल्या समाजाला नवा नाही. मुंबईची मूळजी जेठा मार्केट असो, अहमदाबादची मस्कती मार्केट असो की इचलकरंजी-सोलापूरच्या पेढ्या असोत, तागा उलगडून पोत बोटांत चोळून पाहणारी माणसे आपल्या घराघरांत होऊन गेली. त्यांचा हिशेब मीटरचा होता. माल घेतला, विकला, वटाव धरला, उधारी वसूल केली. या पिढीतील अनेक मुलेमुली मात्र कापडावर थांबत नाहीत. ती ब्रँडसाठी तयार वस्त्रांचे संपूर्ण संग्रह आखून आणि शिवून देऊ लागली आहेत. त्यात ‘रिसॉर्ट’ नावाचा एक प्रकार आहे. बाहेरून तो चैनीचा, हलकाफुलका वाटतो. आतून त्याचा हिशेब बारीक आहे आणि श्रावकाच्या दृष्टीने त्यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

सुट्टीतून जन्मलेला हंगाम

युरोप-अमेरिकेतील धनिक कुटुंबे कडाक्याच्या हिवाळ्यात उबदार समुद्रकाठी जात, लांबच्या जहाजप्रवासाला निघत. गावातील दुकानांत त्या वेळी लोकरी कपडे लागलेले असत. या प्रवाशांना हवे असत सुती, सैल, हलके कपडे. त्या गरजेतून ‘क्रूझ’ किंवा ‘रिसॉर्ट’ हा मधला हंगाम निघाला. कोको शनेल यांनी १९१३ मध्ये फ्रान्सच्या दोविल या समुद्रकाठच्या गावी दुकान उघडले आणि १९१५ मध्ये बियारित्झ येथे आपले वस्त्रगृह थाटले. तोवर पुरुषांच्या अंतर्वस्त्रांसाठी वापरले जाणारे जर्सी कापड त्यांनी स्त्रियांच्या बाहेर नेसण्याच्या पोशाखांसाठी वापरले. फिरायला जाणाऱ्या स्त्रीला मोकळेपणाने हालचाल करता यावी, हा त्यामागील विचार होता.

अमेरिकेतील पाम बीचची कथा आपल्या व्यापारी मनाला अधिक रुचेल. लिली पुलित्झर या बाईंचे तेथे संत्र्याच्या रसाचे दुकान होते. रसाचे डाग कपड्यावर दिसू नयेत म्हणून त्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस भडक, रंगीबेरंगी छपाईचे साधे झगे शिवून घेतले. गिऱ्हाईक रसाऐवजी झग्यांचीच मागणी करू लागले आणि त्यातून एक मोठा ब्रँड उभा राहिला. रिसॉर्ट वस्त्रांवर मोठी, ठसठशीत छपाई का असते, याचे एक उत्तर या डागांत आहे.

भारतात या प्रकाराला स्वतःचा चेहरा देण्याचे श्रेय वेंडेल रॉड्रिक्स यांना जाते. मुंबईत वाढलेले हे अभिकल्पक पुढे गोव्यात कोलवाळ येथे स्थायिक झाले. पांढऱ्या रंगाचा, सैल बांध्याचा, भरतकामाचा भार नसलेला पोशाख त्यांनी प्रतिष्ठित केला. गोव्याच्या कुणबी साडीचे पुनरुज्जीवन केले आणि ‘मोडा गोवा’ हा गोमंतकीय वेशभूषेवरील ग्रंथ लिहिला. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईतील लॅक्मे फॅशन वीकच्या एका हंगामाचे नावच अनेक वर्षे ‘समर/रिसॉर्ट’ असे होते. गोवा, उदयपूर, अंदमान येथील सहली आणि परगावी होणारी लग्ने यांमुळे देशातही या वस्त्रांना मोठे गिऱ्हाईक मिळाले आहे.

ब्रँडांना हा हंगाम प्रिय असण्याचे कारण सरळ आहे. परदेशी बाजारात रिसॉर्टचा माल नोव्हेंबरच्या सुमारास दुकानांत येतो आणि उन्हाळी सवलतींपर्यंत पूर्ण किमतीला विकला जातो. दुकानाच्या फळीवर त्याला सर्वांत जास्त दिवस मिळतात.

संग्रह म्हणजे काय?

दहा सुंदर कपडे एकत्र ठेवले म्हणजे संग्रह होत नाही. गिऱ्हाईक एका सहलीची पेटी भरते. तिला सकाळी फिरायला, दुपारी पाण्याकाठी, संध्याकाळी जेवणाला आणि परतीच्या प्रवासाला असे कपडे हवे असतात. म्हणून कफ्तान, सैल विजार, अंगरख्यासारखा उघडा झगा, सदरा, लांब घेराचा फ्रॉक आणि पुरुषांसाठी आखूड बाह्यांचा शर्ट हे एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक विजार तीन सदऱ्यांवर चालली, तर गिऱ्हाईक तिन्ही सदरे घेते.

काम सुरू होते ते ब्रँडच्या मागणीपत्रापासून. गिऱ्हाईक कोण, किंमत कोणत्या मर्यादेत, माल कधी हवा, किती नग, हे त्यात असते. त्यानंतर रंगांची निवड, छपाईच्या कल्पना आणि ‘लाइन प्लॅन’ म्हणजे कोणत्या प्रकारचे किती कपडे याचा तक्ता येतो. चित्र काढण्याची वेळ त्याच्या नंतरची. तक्ता न करता चित्रे काढणारा तरुण अभिकल्पक हमखास आठ फ्रॉक आणि एक विजार करून बसतो.

या तक्त्यात नफा-तोटा कसा दडलेला असतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका ब्रँडला १० प्रकार हवेत, प्रत्येक २ रंगांत आणि प्रत्येक रंगाचे सर्व मापे मिळून ५० नग. म्हणजे १,००० नग झाले. एका नगाला सरासरी सव्वादोन मीटर कापड धरले, तर २,२५० मीटर लागेल. परंतु कापड धुलाईत ४ टक्के आटते आणि दोष, जोड व टोके यांत ३ टक्के जाते असे मानले, तर खरेदी सुमारे २,४१६ मीटर करावी लागेल. हे वरचे १६६ मीटर १८० रुपये दराने जवळजवळ ३०,००० रुपयांचे होतात. दर ठरवताना ते विसरले, तर ती रक्कम आपल्याच खिशातून जाते.

आता छपाई पाहा. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र छपाई दिली, तर २० छापे होतात आणि प्रत्येक छाप्याला जेमतेम १२१ मीटर कापड येते. छपाई कारखान्याची किमान मागणी ३०० मीटरची असेल, तर ६,००० मीटर छापावे लागेल आणि साडेतीन हजारांहून अधिक मीटर गोदामात पडून राहील. त्याऐवजी ४ च छापे, प्रत्येक २ रंगांत करून ते दहा प्रकारांत वाटले, तर प्रत्येकी ३०२ मीटर होतात आणि गणित जुळते. संग्रहही अधिक एकसंध दिसतो.

कापड, पाणी आणि ऊन

रिसॉर्ट वस्त्राला तीन शत्रू असतात : पेटीतील चुरगळ, पाणी आणि ऊन. मलमल, व्हॉइल आणि केंब्रिक ही सुती कापडे अंगाला थंड लागतात आणि ओली झाल्यावर कापूस अधिक मजबूत होतो. व्हिस्कोस रेयॉनची गोष्ट उलटी आहे. तो सुंदर झुळझुळतो, रंग खुलून घेतो, पण ओला असताना त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. पाण्याकाठी नेसायच्या कपड्याला रेयॉन घ्यायचा असेल, तर शिवणींवर ताण येणार नाही असा सैल बेत हवा. लिनन चुरगळते, ती चुरगळच शोभा मानणारे गिऱ्हाईक असेल तरच ते वापरावे. पोहण्याच्या पोशाखाला नायलॉन आणि इलास्टेनचे विणीचे कापड लागते. त्याची शिलाई यंत्रे आणि कारागीर दोन्ही वेगळे असल्याने सुती माल शिवणाऱ्या कारखान्याने ते काम सहज म्हणून अंगावर घेऊ नये.

पक्क्या रंगाच्या चाचण्या या मालात जिव्हाळ्याच्या आहेत. समुद्राचे खारे पाणी, तलावातील क्लोरीनयुक्त पाणी, घाम आणि सूर्यप्रकाश यांसाठी प्रयोगशाळेत स्वतंत्र चाचण्या होतात. रंग उतरण्याचे मापन साधारणपणे १ ते ५ आणि प्रकाशातील टिकाऊपणाचे १ ते ८ अशा श्रेणीत दिले जाते. आकडा जितका मोठा तितका रंग पक्का. गर्द नीळ, फिरोजी आणि राणी रंगांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. काही अझो रंगांतून घातक अमाइन्स निघतात. भारताने १९९७ मध्ये अशा रंगांवर बंदी घातली. युरोपात निर्यात करायची, तर अंगाशी येणाऱ्या कापडात त्या अमाइन्सची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. रंगाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर न राहता प्रत्येक घाणीचा अहवाल घ्यावा.

छपाईच्या पद्धतीही हिशेबाने निवडाव्या लागतात. रोटरी यंत्राच्या जाळीचा घेर सामान्यतः ६४ सेंटीमीटर असतो. म्हणून नक्षीची पुनरावृत्ती ६४, ३२ किंवा १६ सेंटीमीटरांत बसवावी लागते. डिजिटल छपाईला हे बंधन नाही आणि थोडा मालही छापता येतो, पण मीटरमागे खर्च जास्त येतो. सांगानेर आणि बगरू येथील ठशांच्या हातछपाईत दोन मीटर कधीच तंतोतंत सारखे नसतात. ब्रँडला हे आधी लेखी सांगावे. नाहीतर जी हाताची खूण म्हणून मिरवायची, तीच दोष म्हणून परत येते.

नमुन्याचे चार दरवाजे

मास्टर पहिला साचा काढतो आणि त्यावरून पहिला नमुना शिवला जातो. त्यात फक्त बांधा पाहायचा. दुसऱ्या नमुन्यात खरे कापड आणि खरी छपाई येते. तिसऱ्या टप्प्यावर सर्व मापांचा संच शिवतात, कारण लहान मापाला शोभणारा गळा मोठ्या मापात उघडा पडतो. चौथा नमुना ज्या कारखान्यात, ज्या कारागिरांकडून माल निघणार तेथेच शिवायचा. त्यावर ब्रँडची सही झाल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही.

या सर्वांसोबत ‘टेक पॅक’ नावाचे कागद असतात : मापे, शिवणीचा प्रकार, इंचाला किती टाके, काजे-बटणांची जागा, लेबल, घडी, पिशवी. आपल्या पूर्वजांनी खातेवहीला जो मान दिला तोच या कागदांना द्यावा. वाद झाला, तर तेच साक्षीला उभे राहतात.

चातुर्मासातील घाई

परदेशी ब्रँडांचे रिसॉर्ट संग्रह साधारण मे-जूनमध्ये दाखवले जातात आणि मागण्या निश्चित होतात. माल ऑक्टोबरच्या सुमारास रवाना व्हावा लागतो. म्हणजे कापणी-शिलाईचा सारा भर जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत, ऐन चातुर्मासात येतो. या काळात हवेत दमटपणा असतो. ठशांनी छापलेले कापड उन्हात वाळत नाही, रंग पसरतो, ताग्यांना कुबट वास धरतो. दमट गोदामात बांधलेल्या मालावर बुरशी चढल्याची तक्रार परदेशी बंदरावर पोहोचल्यावरच कळते.

त्यातच श्वेतांबरांचे पर्युषण आणि त्यानंतर दिगंबरांचे दशलक्षण पर्व येते. अनेक पेढ्या या दिवसांत व्यवहार बंद ठेवतात आणि ते योग्यच आहे. अडचण पर्वाची नसते. पर्वाचे दिवस तारखांच्या तक्त्यात आधी न धरण्याची असते. मागणी स्वीकारतानाच संवत्सरी, अनंत चतुर्दशी, गणेशोत्सव आणि कारागीर गावी जाण्याचे दिवाळी-छठचे दिवस वजा करून तारीख द्यावी. दहा दिवस उशिराची तारीख आधी मागितली, तर ब्रँड बहुधा ती मान्य करतो. दहा दिवस उशिरा पोहोचलेला माल मात्र विमानाने पाठवावा लागतो आणि विमानाचे भाडे सगळा नफा खाऊन टाकते. घाई टाळण्याचा लाभ कारागिरालाही होतो. रात्रपाळी करून डोळे फोडणारी शिलाई करवून घेणे ही हिंसाच आहे, फक्त ती दिसत नाही.

बटणातील प्रश्न

श्रावकाचार ग्रंथांत निषिद्ध मानलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य, लाक्षावाणिज्य आणि सरोवरशोषण यांचा समावेश आहे. हेमचंद्राचार्यांच्या ‘योगशास्त्रा’त दातांबरोबर केस, नखे, अस्थी आणि त्वचा यांच्या व्यापाराचाही विचार आहे. कापडाचा व्यापार त्यांत येत नाही, म्हणून आपण निश्चिंत असतो. रिसॉर्ट संग्रहाची सामानाची यादी मात्र वाचून पाहावी. शिंपल्यांची बटणे, कवड्यांची झालर, शिंगाचे बक्कल, कातड्याची पट्टी, पिसांची किनार : समुद्रकाठचा भास निर्माण करण्यासाठी अभिकल्पकाचा हात नेमका याच वस्तूंकडे जातो. काही सागरी शंख-शिंपले तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. त्यांचा वापर केवळ अधर्म्य नसून बेकायदेशीरही आहे.

पर्याय उपलब्ध आहेत आणि ते दिसायला उणे नाहीत. नारळाच्या करवंटीची बटणे, कोरोझो म्हणजे दक्षिण अमेरिकेतील ताडवर्गीय झाडाच्या कठीण बियांची बटणे, लाकडाची किंवा त्याच कापडाने मढवलेली बटणे वापरता येतात. कवडीऐवजी सुती दोऱ्याचे गोंडे लावता येतात.

रेशमाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सामान्य तुती रेशमासाठी कोश आतल्या जिवासह उकळले जातात. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी फुलपाखरू बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांपासून ‘अहिंसा रेशीम’ तयार करण्याची पद्धत रूढ केली. तीही प्रश्नांपासून पूर्ण मुक्त नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले हे फुलपाखरू उडू शकत नाही. आसामच्या एरी रेशमाबद्दलही गैरसमज आहे. त्याचा कोश एका टोकाला उघडा असतो आणि कीटक बाहेर पडू शकतो, हे खरे. परंतु तेथे आतील कोषकीटक अन्न म्हणून खाल्ले जातात, म्हणून ‘एरी’ हे नाव एवढ्याने अहिंसेचे प्रमाणपत्र ठरत नाही. रेशमासारखी झुळूक हवी असेल, तर क्युप्रो हा विचार करण्याजोगा धागा आहे; तो सरकीला चिकटून राहणाऱ्या कापसाच्या आखूड तंतूंपासून तयार होतो.

न दिसणाऱ्या गोष्टीही विचारून घ्याव्यात. मागावर चढवण्यापूर्वी ताण्याला खळ देताना मऊपणासाठी पूर्वापार जनावरांची चरबी वापरली जात आली आहे. शेवटच्या धुलाईत घातले जाणारे काही सॉफ्टनरही चरबीजन्य असतात. दोन्हींना वनस्पतिजन्य पर्याय आहेत, पण ते आपोआप मिळत नाहीत. मागणीपत्रात लिहावे लागतात.

सरोवरशोषणाचा आजचा अर्थ रंगाच्या पाण्यात शोधावा लागेल. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिरुप्पूरमधील रंगाई कारखाने बंद झाले, कारण त्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी नासली होती. पाली येथील बांडी नदीचे आणि आपल्या पंचगंगेचे दुखणेही याच जातीचे आहे. रंगाई आपण करत नाही, बाहेरून करवून घेतो, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे यांतील संबंध आपल्याला वेगळा शिकवायला नको. ज्या कारखान्याचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र चालू अवस्थेत आहे, तेथेच माल द्यावा. तो मीटरमागे थोडा अधिक दर घेईल. तो अधिक दर म्हणजे त्या पाण्याची खरी किंमत आहे.

उधारीचा घाट

कापडाच्या व्यापारात उधारी चालत आली आहे. तागा परत आला, तर दुसऱ्याला विकता येतो. ब्रँडचे लेबल लावलेले हजार झगे परत आले, तर विकणे कठीण. म्हणून मागणीबरोबर अग्रिम रक्कम, कापड खरेदीनंतर मागणी रद्द झाल्यास भरपाई आणि लेबल काढून माल विकण्याची मुभा, ही तीन कलमे लेखी असावीत. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला २००६च्या एमएसएमईडी कायद्याचे संरक्षण आहे. लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी मालाची मागणी घेण्याआधी करून ठेवावी.

किमतीची आखणी करताना वस्तू आणि सेवा कराचा टप्पाही पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरील किमतीच्या कपड्यावर १८ टक्के कर आहे. २,६०० रुपयांना ठेवलेला कफ्तान करासह एकदम महाग होतो. घेर चार इंच कमी करून किंवा अस्तर गाळून तो २,५०० च्या आत आणता येतो का, हा प्रश्न अभिकल्पक आणि हिशेबनीस यांनी एकत्र बसून सोडवायचा असतो.

घरातील दोन पिढ्या

हीच गोष्ट घरालाही लागू आहे. मुलीने किंवा सुनेने अभिकल्पाचे शिक्षण घेतले की तिला चित्रांचे टेबल मिळते आणि खरेदी-वसुली वडीलधाऱ्यांकडे राहते. अशी वाटणी झाली की चित्रे महाग होतात आणि कापड चुकीचे येते. जिने छापा काढला तिला किमान मागणी, आट आणि दर ठाऊक असला पाहिजे. ज्यांनी चाळीस वर्षे कापड चोळून पाहिले त्यांनी पहिला नमुना अंगावर घातलेला पाहायला बसले पाहिजे. कापडाचा दोष त्यांना लांबूनही दिसतो.

आणि शेवटी साठ्याची गोष्ट. प्रत्येक हंगामानंतर उरलेले तागे, चुकलेले नग आणि जास्तीची बटणे यांची यादी करावी. परिग्रहाचे परिमाण ठरवून घेण्याचे व्रत घरातील वस्तूंपुरते राहिले आहे. ते गोदामालाही लावता येते. उरलेल्या छापील कापडाच्या पिशव्या, केसांचे बंध, मुलांचे झबले होऊ शकतात, पण त्याहून बरे म्हणजे ते उरूच नये. पुढच्या हंगामाचा तक्ता मांडताना मागच्या हंगामाची ती यादी समोर ठेवावी आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीला विचारावे की हे कोणत्या निर्णयामुळे उरले. चार छाप्यांत भागत असताना पाचवा का घेतला, याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते.